नागसेन मिस्त्रीची तुटकी टेप

मी टेप बोलतेय. गाण्याची नव्हे, मापाची. पाच मीटर लांब, अंगाने पिवळी, आणि खरं सांगायचं तर पाच मीटरला थोडी कमीच.

माझा कारखाना मला आठवत नाही. आठवतं ते नंदनवन वस्तीतलं हार्डवेअरचं दुकान. नागसेन मिस्त्रींनी तिथे माझ्यासकट चार टेपा हातात घेतल्या, प्रत्येकीला ओढून सोडलं, आणि सटकन आत गेलेली म्हणून मला निवडलं. त्या दिवसापासून बारा वर्षं मी त्यांच्या कमरेला होते. भिंती, चौकटी, जिने, पाण्याच्या टाक्या, काय काय मोजलं नाही मी! मिस्त्री मापाचे फार पक्के. एक सूत इकडचं तिकडे झालं तर विटेला आणि माणसाला सारखंच रागवायचे.

मग बेसा भागातल्या एका कामावर माझ्या टोकावर लोखंडी सळ्यांचा भारा पडला. टोकाचा हूक मोडला, पट्टी चुरगळली. हाताखालची पोरं म्हणाली, फेका आता. मिस्त्रींनी कात्री घेतली, बरोबर दहा सेंटिमीटरच्या रेघेवर मला कापलं आणि म्हणाले, "फेकायची काहून? दहा वजा करा, झालं."

तेव्हापासून माझी सुरुवातच दहापासून आहे. कामावर सगळ्यांना हे पाठ होतं. मी एकशेतीस दाखवलं की कुणीतरी आपसूक "एकशेवीस" ओरडायचं. पुढे मिस्त्रींनी नवी टेप घेतली आणि मी दारामागच्या खिळ्याला लागले. दोन वर्षं तिथून मी फक्त छत्र्या आणि पिशव्या पाहिल्या. मला कुणी विचारत नव्हतं, आणि याचं मला वाईट वाटायचं, हे कबूल करते.

मला तिथून काढलं पायलने. मिस्त्रींची ही एकुलती एक लेक आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिला उन्हाळ्यात एका संस्थेत दोन महिन्यांची इंटर्नशिप मिळाली होती. शहरातल्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जिंगचे नियम ठरायचे होते, आणि आहेत ते खांब लोकांना खरंच वापरता येतात का, भरवशाचे आहेत का, हे तिने शोधायचं होतं. तिच्या फॉर्मवर लिहिलेलं होतं की बसलेल्या माणसाचा हात पोचायचा तर सॉकेट एकशेवीस सेंटिमीटरच्या वर नको. मोबाइलवरचं मोजायचं अ‍ॅप एकाच खांबाची तीन मापं सांगायला लागलं, म्हणून बाईसाहेबांना माझी आठवण झाली.

आम्ही शेहेचाळीस खांब पालथे घातले. काय गंमत होती एकेकाची! मोबाइलच्या नकाशावर सगळे हिरवे, म्हणजे चालू. जागेवर गेलं तर तेरा बंद. एकावर कुणाचे टॉवेल वाळत होते. एकाला शेजारच्या दुकानदाराने कुलूप लावलं होतं आणि चावी घेऊन तो लग्नाला गेला होता. पायल हसत हसत सगळं लिहून घ्यायची. खाली टोक टेकवायची, वरचा आकडा वाचायची. टोकाकडे तिने कधी वाकून पाहिलं नाही. मला ओरडून सांगता आलं असतं तर! पण टेपेला तोंड नसतं, फक्त आकडे असतात, आणि माझे आकडे त्या पोरीला फसवत होते.

याच फिरतीत तिला सुमतीताई भेटल्या. मागे दोन जादा चाकं बसवलेली इलेक्ट्रिक स्कूटर चालवतात, कारण पायात बळ नाही. प्रताप नगरातल्या एका शाळेच्या ऑफिसात नोकरी. राहत्या इमारतीत चार्जिंगची सोय नाही, म्हणून शाळेजवळच्या खांबावर येतात. तिथे त्यांचा हात सॉकेटपर्यंत पोचत नाही. पायलने ते डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि सुमतीताईंना शब्द दिला होता की हे माझ्या अहवालात येईल.

अहवाल मंगळवारी मांडायचा होता. शनिवारी संध्याकाळी पायल बाबांना मापं वाचून दाखवत होती. शेहेचाळीसपैकी एकतीस सॉकेट जास्त उंच! मिस्त्री कौतुकाने मान डोलवत होते.

"प्रताप नगर, शाळेजवळ. एकशेअठ्ठावीस."

"अठरा," मिस्त्री म्हणाले. "त्या खांबाखालचा ओटा मीच बांधला ना. सॉकेटचं निशाण मी लावलं. एकशेअठरा."

"मी मोजलं ना बाबा. तुम्ही भुलले असान."

मिस्त्रींनी मला हातात घेतलं, टोक पाहिलं आणि मोठ्याने हसले. मग हसणं थांबलं. "पायल, दहा वजा केले का वं?"

"कायचे दहा?"

पुढचा अर्धा तास फार वाईट गेला. दहा वजा केल्यावर एकतिसाचे नऊच उरले. पायल वहीकडे पाहत बसली. मग हळूच म्हणाली, "नाही सांगितलं तं कोणालेच कळणार नाही. आणि ताईचा हात तं खरंच नाही पोचत. मी काही खोटं बोलून नाही राहिली."

मिस्त्री रागावले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवून एवढंच म्हणाले, "उद्या मले सुट्टी आहे. चाल, पुन्हा मोजू."

रविवारी सकाळी आम्ही प्रताप नगरला. पायलने फोन केल्यावर सुमतीताई आल्या आणि त्यांची स्कूटर ओट्याला टेकून थांबली. सहा इंच उंच, ऐसपैस, कडा घोटून गुळगुळीत केलेला ओटा. मिस्त्रींच्या हातचं काम लांबूनही ओळखू येतं. त्यांनी वर चढून मोजलं. एकशेअठरा, अगदी बरोबर. मग खाली उतरून स्कूटरशेजारी उकिडवे बसले आणि कितीतरी वेळ तिथून खांबाकडे पाहत राहिले.

"ताई, हात लांब करा बरं."

सुमतीताईंच्या बोटांपासून सॉकेटपर्यंत त्यांनी मला ताणलं. बावन्न. दहा वजा, बेचाळीस.

"आपण ओट्यावर उभं राहून मोजलं वं पायल," मिस्त्री म्हणाले. "ताई तं खाली आहे. पाणी शिरू नये म्हणून मी ओटा केला. गाडीवरून कोणाले उतरताच येत नसंन, हे माह्या डोक्यातच नाही आलं."

सुमतीताई हसल्या. "लोकं चांगले आहेत भाऊ. जरा लावून द्या म्हटलं का देतात लावून. पण रोज म्हणावं लागते ना."

मिस्त्रींचा चेहरा मी इतका पडलेला कधी पाहिला नव्हता.

त्या दिवशी आणि सोमवारी बापलेकींनी शेहेचाळीसच्या शेहेचाळीस खांब पुन्हा मोजले, या वेळी रस्त्यावरून, बसून. एकोणतीस ठिकाणी ओटा, पायरी नाहीतर साखळी आडवी होती. अहवालाच्या पहिल्याच पानावर पायलने लिहिलं की आधीची मापं चुकली होती, आणि का चुकली तेही. मंगळवारी तिने ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. मी तिच्या पिशवीत होते आणि मला तिचा इतका अभिमान वाटत होता! संस्थेच्या साहेबांनी नियमांच्या मसुद्यात, गाडीवर बसूनच हात पोचला पाहिजे, अशी ओळ घालतो म्हटलंय. अजून घातलेली नाही.

मिस्त्री मात्र ओळीसाठी थांबले नाहीत. जागेच्या मालकाची लेखी परवानगी काढून पुढच्या रविवारी छिन्नी हातोडी घेऊन गेले आणि स्वतः घोटलेली कड स्वतः फोडली. तिथे त्यांनी उतार केला. सिमेंट सुकल्यावर सुमतीताई आल्या. स्कूटर सरळ वर चढली. मदतीला म्हणून मिस्त्री वायर घ्यायला पुढे झाले.

"थांबा भाऊ," त्या म्हणाल्या. "मीच लावते."

त्यांनी लावली. मग काढली. मग पुन्हा लावली. मिस्त्री पाठ फिरवून थैलीत उगाच काहीतरी शोधत राहिले.

आता माझी स्प्रिंग सैल झाली आहे, आकडे पुसट होत चाललेत. भंगारवाला रोज गल्लीतून जातो, त्याला मला द्याल तेव्हा खुशाल द्या. पण एक उतार झाला आहे आणि अठ्ठावीस जागा तशाच आहेत. तिथे रोज कुणीतरी गाडीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची वाट पाहत असेल. माझी पट्टी आत गुंडाळली जाते आहे तोवर मला तिकडे मोजायला न्या.