दस्तगीर शिंप्याचा पोलीस

लोणी भापकरच्या स्टँडवर भर दुपारी अविराजनं बांधाच्या भांडणातून म्हाताऱ्या जोतीरामतात्यांचा पाय लोखंडी गजानं मोडला, तेव्हा बघ्यांची जत्रा होती. पोलीस आले तेव्हा साक्षीला स्टँडवरच्या दुकानातला एकटा दस्तगीर शिंपी उरला. पळायचं त्यालाही होतं, पण चालू मशीन टाकून जाणार कुठं?

जबाब दिल्यावर आठवड्यातच धमक्या आल्या. सरकारी वकील राजेश्वरीबाई म्हणाल्या, "साक्षीदाराला संरक्षण मागायचा हक्क आहे. अर्ज करा." अर्ज मंजूर झाला आणि मल्हार हवालदार दुकानात येऊन बसला. सहा फुटी गडी, अंगात वर्दी, कमरेला पिस्तूल.

गिऱ्हाईक दारातूनच माघारी फिरू लागलं. कौसल्याकाकूंनी तर लांबूनच विचारलं, "दस्तगीरभाई, कधी सोडत्यात वो?"

"अवो काकू, मला धरलं न्हाय, राखलंय!"

शेवटी दस्तगीरची बायको जरिना मल्हारला म्हणाली, "भाऊ, तुमी जीव वाचवताय खरं, पण उपाशी मारताय. साध्या कपड्यात बसा की."

साहेबांची परवानगी काढून मल्हार साध्या शर्टात येऊ लागला. बसून बसून कंटाळला, म्हणून बटणं लावायला शिकला. पहिल्याच दिवशी सरपंचांचा सदरा त्यानं स्वतःच्या विजारीलाच शिवून टाकला. पण नेटानं शिकला, आणि महिन्याभरात टेप गळ्यात घालून मापं घेऊ लागला.

एका सकाळी मोटारसायकलवरून दोघं उतरले. अविराजचीच माणसं! दस्तगीर कात्रीसकट पडद्याआड शिरला. 

"मालक कुठाय?"

"बाहेर गेलेत," मल्हार म्हणाला.

"सांग त्याला, कोर्टात तोंड उघडलंस तर हात तोडू."

मल्हारनं मापाची वही उघडली. "कुणाचा निरोप म्हणू?"

"विजयसिंह. डाळजचा."

"मोबाईल नंबर?"

त्यानं तोही दिला.

"नुसता हात, का हातपाय?"

"हातच. शिंपी हाय न्हवं."

मल्हारनं सगळं लिहून घेतलं, वाचून दाखवलं आणि खिशातून ओळखपत्र काढलं. पडद्याआड दस्तगीरला हसू आवरेना.

बारामतीच्या कोर्टात दस्तगीर साक्षीला पिंजऱ्यात उभा राहिला. अविराज डोळे वटारून बघत होता. त्याच्या वकिलानं विचारलं, "तुमचं लक्ष शिवणात. मारताना दिसलं कसं?"

"साहेब, तीस वर्षं झाली. हात आपले आपण शिवत्यात. डोळं रस्त्यावरच असत्यात."

न्यायाधीशही हसले. मग दस्तगीरनं पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं.

पुढं अविराजला शिक्षा लागली. पण साक्षीच्या त्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात जोतीरामतात्या कुबडी टेकत आले आणि दस्तगीरचा हात हातात धरून त्याच्याजवळ बसले. जरिनानं डबा उघडला, पहिली भाकरी तात्यांच्या हातावर ठेवली आणि दुसरी मल्हारच्या.