चिमाजीबुवांना पुसलं तेव्हा

या, असं जवळ सरकून बसा. टाळ क्षणभर मांडीवर ठेवा. गोष्ट सांगतो, हसू आलं तर खुशाल हसा, देवाला ते आवडतं.

दिंडोरीकडचा हर्षल नाशिकला प्रोग्रामर. कंपनीचा डेटाबेस रचायला शिकायची त्याला भारी हौस. वरिष्ठ वेदिका मॅडम म्हणाल्या, "आधी छोटं काही बांध. नीट चाललं तर मोठ्याला हात लाव."

हर्षलने गावच्या भजनी मंडळाचं ॲप बांधलं. कोणत्या एकादशीला वीणा कोणाकडे, पखवाज कोणाकडे, हे वर्षाचं गुढीपाडव्याला एकदाच भरायचं. त्या त्या सकाळी ज्याच्या त्याच्या फोनवर निरोप. कार्तिकी एकादशीला तो गावी आला होता, आणि कीर्तनाला मॅडम स्वतः बघायला येणार होत्या.

नेमका त्याच सकाळी चिमाजीबुवांच्या कुसाबाईंचा फोन. "आरं हर्षल, ह्यांच्या फोनवर आलंय, 'चिमाजीबुवा, आज वीणा तुमच्याकडे. वेळेवर या.'"

बुवा चैत्रातच वारले होते. "आजी, माफ करा!"

"माफी कशाची? जित्तेपणी कधी येळेवर गेले नाय, आता काय जात्यात!"

शरमून हर्षलने बुवांचं नाव पुसलं, आणि तिथेच फसला. प्रत्येक कीर्तन त्याने वीणेकऱ्याच्या नावाखाली टांगलं होतं. नाव गेलं, तशी अख्खी एकादशी गेली. सगळ्यांना निरोप गेला, 'आजची सेवा रद्द.' टाळकरी द्राक्षबागेत फवारणीला निघाले. पखवाजवाला गेणू दारात येऊन गरजला, "मला काढला? लय मोठा झाला का तू?"

रडवेल्या हर्षलने मॅडमना फोन लावला. त्या आधी पोटभर हसल्या. "जुनी प्रत ठेवलीयस ना? ती परत आण. मग माणसं वेगळी ठेव, कीर्तनं वेगळी, आणि कुठल्या कीर्तनात कोणाची काय सेवा, हे तिसरीकडे. आणि गेलेलं माणूस पुसायचं नसतं रे. 'आता नाही' एवढी खूण करायची."

दुपारभर ओट्यावर बसून त्याने सगळं नव्याने रचलं. राहिली वीणा. त्याने भीत भीत कुसाबाईंना विचारलं.

"मी धरते की!"

पुन्हा निरोप गेले. संध्याकाळी गेणू धुसफुसत आला, टाळकरी औषधाच्या वासासकट आले. कुसाबाई मात्र सगळ्यांच्या आधी वीणा घेऊन उभ्या. "आमच्या घरातलं कुणीतरी येळेवर आलं बघा!"

कीर्तन रंगलं. निघताना मॅडम म्हणाल्या, "सोमवारी मोठ्या डेटाबेसला बस. पुसायचं बटण तेवढं माझ्याकडे राहील."

तर मंडळी, आता टाळ उचलाल तेव्हा चिमाजीबुवांची आठवण काढा. थोडा उशीर झाला तरी चालेल. त्यांना सवय आहे.