माशीला केशरी नेलपॉलिश

टिंग.

आवाज एवढासा, पण दुपारच्या त्या चिडीचूप घरात ताटली फुटल्यासारखा वाजला. बंदुकीवर कडं बसवायच्या दोन स्क्रूंपैकी एक टेबलावरून निसटला, फरशीवर उडाला आणि घरंगळत फ्रिजखाली गेला. ब्रेना पेचकस हातात धरून गोठल्यासारखी उभी राहिली. स्क्रूची काळजी नंतर, आधी जोसीची. चार वर्षांची ती पोर नुकतीच डोळे मिटून पडली होती, आणि ती झोपते तेवढाच काय तो ब्रेनाचा दिवस.

आतून हूं की चूं आलं नाही. आलं ते ओसरीवरून.

"काय सांडलंस ग?"

"हळू बोला, डेडा. स्क्रू पडला."

एर्विन कुबाला, तिचे सासरे. जोसी बोलायला लागल्यापासून सगळं घर त्यांना डेडाच म्हणे, म्हणजे आजोबा. ते आत आले, गुडघे कुरकुरवत खाली बसले आणि फ्रिजखाली हात घातला. आधी एक खडू निघाला, मग बाटलीचं झाकण, मग स्क्रू. खाली वाकून बघायचे कष्टसुद्धा त्यांनी घेतले नाहीत. चाचपूनच काढला.

"चाळीस वर्षं कुंपणं घातलीत. बोटांना सगळं कळतं," ते म्हणाले.

टेबलावर जुन्या टॉवेलवर बंदूक आडवी होती. डेडांची तीस-तीस काडतुसाची. चापाखालची लिव्हर पुढे ढकलून मागे ओढली की काडतूस आत चढतं, त्या जातीची. दस्त्याचा रंग हातांनी उडालेला. काडतुसं ब्रेनानं आधीच काढून वरच्या कपाटात टाकली होती. हे काम तिला नवं नव्हतं. तिचे वडील योकम गावात बंदुका दुरुस्त करायचे, आणि लहानपणी तिचा अभ्यास त्यांच्याच बाकावर व्हायचा. नळीवरची मागची खाच तिनं पितळी खिळ्यानं ठोकून उजवीकडून बाहेर काढली होती. त्या खाचेतून नळीच्या टोकावरची माशी बघायची आणि नेम धरायचा, ही जुनी रीत. म्हाताऱ्या डोळ्यांना तेवढी बारीक खाच दिसत नाही. त्याऐवजी डोळ्याजवळ एक गोल कडं बसवलं, की नजर आपोआप त्याच्या मधोमध जाते. कड्याकडे बघावंही लागत नाही.

निदान तिची तशी आशा होती.

कारण काल तेलविहिरीवरून क्लिंटचा फोन आला होता. तिचा नवरा दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी. "गेल्या महिन्यात डेडांनी गुरांच्या पाणी प्यायच्या टाकीला गोळी घातली," तो म्हणाला होता. "मी हसलो, पण मला हसू येत नव्हतं. जोसी अंगणात खेळते, ब्रेना. ते नीट मारू शकत नसतील तर बंदूक कपाटात ठेव आणि किल्ली तुझ्याकडे. तू ठरव."

ठरव म्हणे. जोसीची आजी गेल्यापासून म्हातारा रोज संध्याकाळी बंदूक घेऊन गवताच्या कुरणाकडे जायचा. नदीकडून रानडुकरं यायची आणि रातोरात कुरण नांगरल्यासारखं उलटंपालटं करायची. डुक्कर मिळो न मिळो, म्हातारा यायचा तो माणसात येऊन यायचा. त्याच्या खांद्यावरची बंदूक काढून घेणं म्हणजे काय, हे क्लिंटला कळत होतं. म्हणून तर ते काम त्यानं बायकोवर सोपवलं होतं.

दोन्ही स्क्रू बसले. मग तिनं कपाटातून नेलपॉलिशची बाटली आणली. बहिणीच्या लग्नात लावलेलं, भडक केशरी. काडीच्या टोकानं एक थेंब माशीवर ठेवला आणि फुंकर घातली.

"हे काय?" डेडा म्हणाले. "माझ्या बंदुकीला लग्नाला न्यायचीय?"

"अंधारात माशी उठून दिसते."

"चर्चमधल्या लोकांनी पाहिलं तर?"

"डुकरांनी पाहिलं म्हणजे झालं."

डेडा खो खो हसले आणि आत जोसी उठली.

जोसीच्या कानांवर मोठाली कानझाकणं चढवून तिघं गोठ्यामागे गेली. मातीच्या उंच बांधाला टेकवलेल्या गवताच्या गठ्ठ्यावर ब्रेनानं कागदाची पांढरी ताटली टाचली. डेडांनी कुंपणाच्या खांबावर बंदूक टेकवली. पहिल्या गोळ्या खाली आणि डावीकडे गेल्या. तिनं कडं किंचित वर घेतलं, किंचित उजवीकडे सरकवलं. पुन्हा. पुन्हा सरकवलं. मग तीन गोळ्या ताटलीत, मुठीत मावतील अशा.

ब्रेनाच्या छातीवरून धोंडा उतरला. "डेडा! मधोमध!"

"मग काय," डेडा म्हणाले. "मी काय कालपासून मारतोय?"

जोसी धावत जाऊन ताटली घेऊन आली आणि भोकातून बोट बाहेर काढून आजोबांना दाखवू लागली. डेडांनी मान वाकडी करून एका बाजूनं तिच्याकडे पाहिलं. हल्ली तिच्याकडे ते असंच बघत.

"डेडा कोंबडा!" जोसी खिदळली. "आई, डेडा परत कोंबडा झाले!"

"कुकुचकू," डेडा म्हणाले, आणि कुंपण चाचपत घराकडे चालू लागले.

ब्रेनानं मनात क्लिंटला फोन लावूनही टाकला. दिसतंय त्यांना. नुसती खाच जुनी झाली होती.

संध्याकाळी ट्रक तीच चालवत होती. ब्रेकचा भरवसा नाही म्हणून डेडांनी नाताळापासून गाडी सोडली होती. जोसी मधे बसली होती, हातात खसखस भरलेला गोड पाव, कोलाची, तोंडभर खसखस. कुरणाच्या कडेला मोठ्या ओकखाली तिनं ट्रक उभा केला. वारा नदीकडून तोंडावर येत होता, म्हणजे डुकरांना वास जाणार नव्हता. डेडा उतरले आणि ट्रकच्या बॉनेटवर कोपरं टेकून उभे राहिले. ब्रेना त्यांच्या शेजारी. जोसी आत, कानझाकणं घालून.

झाडांच्या काळोखातून डुकरं निघाली. आधी एक मोठी डुकरीण, मागून चारपाच. नाकं जमिनीत खुपसून कुरण फाडत चालली. त्यांच्यापासून थोडं दूर, तुटलेल्या कुंपणाशी, आणखी एक काळा ढीग बसलेला होता. त्यानं तोंड वळवलं. तोंड पांढरं होतं. शेजाऱ्यांचं वासरू.

डेडांनी घोडा मागे ओढला. टक्क.

नळी डुकरांवरून हळूहळू सरकली. डुकरांच्याही पुढे गेली. कुंपणाकडे.

"डेडा," ब्रेना कुजबुजली, "थांबा."

नळी आधीच थांबली होती. डेडांनी चापावरचं बोट काढून बाहेर सरळ धरलं, अंगठ्यानं घोडा सावकाश अर्ध्यावर आणून ठेवला. बंदूक बॉनेटवर आडवी झाली. नळीचं तोंड रिकाम्या रानाकडे.



"कडं दिसतंय," मग ते म्हणाले. "तुझी नेलपॉलिशवाली माशीसुद्धा दिसते, जराशी मान वळवली की. पण जिकडे सरळ बघावं, तिथं काहीच नाही. राखाडी. जणू कुणी अंगठ्यानं पुसून टाकलंय."

"आणि ताटली?"

"पांढरी होती. तिची कड दिसते. सगळीकडून सारखी कड दिसेल असं कडं धरलं, की मधोमध लागते." ते थोडे हसले. "ताटली फसवता येते. डुक्कर कसं फसवणार?"

"कधीपासून?"

"आधी एका डोळ्याला होतं. नाताळात दुसऱ्यालाही." त्यांनी बंदूक तिच्याकडे सरकवली. "तोंड बघत बसू नकोस, पोरी. ती डुकरीण अजून तिथंच असेल ना? मार."

ब्रेनानं घोडा पुन्हा मागे ओढून दस्ता खांद्याला लावला. दस्ता तिला लांब पडत होता, मान ताणावी लागत होती. केशरी ठिपका डुकरिणीच्या कानामागे आला, तेव्हा तिनं श्वास सोडला आणि चाप ओढला. डुकरीण जागच्या जागी बसली. बाकीची गुरगुरत झाडांत पळाली. वासरू हंबरत उठून पलीकडे गेलं.

"पडली?" डेडांनी विचारलं.

"पडली."

"कानामागे?"

"कानामागे."

"मग चाकू दे. सोलायला डोळे लागत नाहीत." ते कुरणात चार पावलं गेले आणि थांबले. "आणि तो दस्ता तुला लांब पडतो. उद्या बोटभर कापून टाक."

"राहू दे, डेडा. तुमची बंदूक आहे."

"लाकूड आहे ते, पोरी. बोट नव्हे माझं." मग पाठमोरेच म्हणाले, "क्लिंटला मी सांगतो. तू नको सांगूस."

"बरं."

तिनं पुढे होऊन त्यांचा हात आपल्या कोपराला लावून दिला. दोघं डुकरिणीपर्यंत गेली. डेडा गुडघ्यावर बसले, पोटावरून हात फिरवून जागा शोधली आणि चाकू चालवू लागले. सवयीनं, एकही काप वाया न घालवता. ब्रेना जोसीला आणायला ट्रककडे परतली.

जोसीनं कानझाकणं कधीच काढून मांडीवर ठेवली होती. काच अर्धी उघडी होती. खसखशीनं काळी झालेली हनुवटी वर करून ती आईकडे बघत राहिली.

"आई, डेडा सरळ बघतात तिथं काहीच नसतं?"

"तू ऐकत होतीस?"

"हो." जोसी कुरणातल्या त्या वाकलेल्या पाठीकडे बघत होती. "मग ते माझ्याकडे सरळ बघतात, तेव्हा मीपण नसते?"

ब्रेनानं दार उघडलं, तिला उचलून कडेवर घेतलं, आणि आपल्या सदऱ्याच्या टोकानं तिची हनुवटी पुसत राहिली.