न जळणारा दोरा

आमच्या ह्यांचं ब्रीद एकच: फुकट ते पौष्टिक. बंद पडलेल्या कारखान्यातून जाड पांढऱ्या कापडाचा तागा उचलून आणला आणि म्हणाले, "गरम भांडी धरायचे हातमोजे शिव. झकास खपतील." तीन आठवडे मी शिवत होते. सुया भराभर बोथट होत होत्या, आणि माझी सात वर्षांची छकुली मशीनखाली बसून कातरणांच्या बाहुल्या करत होती.

काल ती खोकली. खोकला साधाच, पण पाठ चोळताना तिच्या केसांत बारीक पांढरे तंतू दिसले. हे कापड आहे तरी कसलं?

आम्हा शिवणाऱ्यांची परीक्षा सोपी असते. एक दोरा ओढायचा आणि ज्योतीवर धरायचा. सुताला कागद जळल्याचा वास येतो, लोकरीला केस जळल्याचा, नायलॉन वितळून आक्रसतं. हा दोरा लाल झाला. बाजूला घेऊन काजळी पुसली, तर होता तसाच पांढरा.

खालच्या मजल्यावर बॉयलरवाले काका राहतात. बॉयलरपाशी तीस वर्षं काढलेला माणूस. दोरा घेऊन मी खाली धावले, छकुली माझ्या मागोमाग.

"काच असेल," काका म्हणाले, पण दोऱ्याला हात लावेनात. "काचेचा असला तर मनगटावर घासल्यावर टोचेल, गॅसवर टोकाला मणी होईल. तसं झालं तर घाबरू नकोस."

"आणि नाही झालं तर?"

"तर अ‍ॅस्बेस्टॉस, आम्ही बॉयलरवर गुंडाळायचो ते. त्याची धूळ छातीत बसली की निघत नाही. वीस-तीस वर्षांनी माणसाला पोखरते."

मी घासला. कातडी लाल होईपर्यंत घासला. टोच मेल्या, टोच! मेला मऊच लागला. मग गॅस मोठा करून ज्योतीत धरला. कापडात काच निघावी म्हणून देवाची करुणा भाकायची वेळ येईल, असं कधी वाटलं नव्हतं. टोक लालभडक झालं. मणी काही झाला नाही.

काकांनी दोरा ओल्या फडक्यात गुंडाळला. "सगळं ओलं करूनच उचल. आणि एक सांग, कापड झटकलं नाहीस ना कधी? झटकलं की सगळं हवेत उडतं."

मी छकुलीला जवळ ओढलं.

"रोज सकाळी झटकतो!" छकुली पुढे सरसावली. "आई एक टोक धरते, मी दुसरं. मी आईपेक्षा जोरात झटकते, काका!"