काटा हिरव्यात

सुनेनं मोडीतल्या बसच्या इंजिनखान्यात वाकून बाटलीची तार आणि नळी सोडवली, आणि सासऱ्यांच्या प्रश्नाची वाट पाहू लागली.

"काटा कुठंय?"

"हिरव्यात, मामंजी."

"टोपण दे."

बस तोडायला आली की आधी तिच्यातल्या आग विझवायच्या बाटल्या उतरवायच्या, हे भंगाराच्या आवारातलं सासऱ्यांचं काम. तोंडावर भोकाभोकांचं जाड टोपण बसवलं, की बाटली चुकून सुटली तरी गॅस चारी बाजूंना पांगतो आणि ती जागची हलत नाही. बाटलीवरचा काटा हिरव्यात म्हणजे ती भरलेली; शून्यावर असला, तर मात्र सासरे टोपणाच्या भानगडीत पडत नसत. शेजारच्या आवारात अशाच एका बाटलीनं छपराचा पत्रा फोडला होता. काटा शून्यावर अडकला होता, आणि आपण रिकाम्या आहोत हे बाटलीला कुणी कळवलं नव्हतं. सासऱ्यांच्या मते चूक शेजाऱ्याची.

हल्ली ते काटा स्वतः बघत नसत. सुनेची परीक्षा घेतोय, म्हणायचे. पण हा परीक्षक उत्तर कधी तपासायचाच नाही, त्यावरून त्यांना आता काटा दिसत नाही, हे तिनं ओळखलं. नवऱ्याला सांगितलं असतं, तर त्यानं वडिलांना दुसऱ्याच दिवशी घरी बसवलं असतं. आणि घरी बसलेले सासरे हा भरलेल्या बाटलीहून अवघड प्रकार. हिरवं ऐकलं की ते टोपण लावतातच. म्हणून ती प्रत्येक बाटली हिरव्यात सांगे.

दुपारी पुढची बस ओढून आणली. टायर वितळलेले, सीटांचे नुसते सांगाडे. सवयीनं ती आत वाकली, तार आणि नळी सोडवली.

"काटा कुठंय?"

"हिरव्यात."

तोंडातून गेलं, आणि मग तिला बस दिसली.

सासऱ्यांनी हाताला लागलेली काजळी बोटांवर चोळली.

"एवढी गाडी जळली, आणि ही भरलेली?"

तिनं काट्यावरची काजळी पुसली. तो शून्यावर होता.

"आधीच्याही अशाच?"

"काही खरंच भरलेल्या होत्या."

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. फडक्यानं पाना पुसत राहिले. तो स्वच्छच होता. मग तो तिच्या हातात देऊन ते पलीकडं, रोज बाटली धरायला ती बसायची तिथं, जाऊन बसले आणि दोन्ही हातांनी बाटली कवळली.

तिनं टोपण बसवलं. बाटली आवळणाऱ्या पट्ट्याच्या बोल्टला पाना लावून ती सासऱ्यांच्या हुकमाची वाट पाहत राहिली. तो आता आपणच द्यायचाय, हे लक्षात यायला तिला जरा वेळ लागला.

"घट्ट धरा, मामंजी."

"बरं," ते म्हणाले, आणि त्यांनी पकड आवळली.