पोहरादेवीच्या जत्रेत मी मुकी राहिले

मी एक जुनी वाट आहे, मित्रांनो, पण माझ्यावरून बैलगाडी जात नाही. मी रामीबाईच्या मेंदूत, अगदी तळाशी राहते. रक्तातली साखर उतरली की हाक घालायची, हे माझं काम. मग पोट कुरकुरतं, हात कापतात, घाम फुटतो आणि माणूस भाकरीकडे वळतो. साठ वर्षं हे केलं, तरी आज तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटते.

तरुणपणी रामीबाई ऊसतोडीला जायची. भर फडात मी हाक घातली की ती कोयता टाकून भाकरीचं फडकं सोडायची. "पोटानं बलावलं, आली मी!" म्हणायची. केवढा तोरा होता तेव्हा माझा!

पुढे तिला साखरेची बिमारी जडली आणि रोज सकाळी इन्सुलिनची सुई आली. सुई साखर खाली ओढते, म्हणून तिच्यामागे लगेच खायचं असतं. पण रामीबाईचे उपास सुटेनात. सुई घ्यायची अन् उपाशी राहायचं! मी ओरडले की पाणी पिऊन मला गप्प करायची. असं वारंवार झालं आणि माझा आवाजच बसला. उतरलेली साखरच मला नेहमीची वाटू लागली. शरम वाटते सांगायला, पण खरं तेच आहे.

यंदा पोहरादेवीच्या जत्रेत रामीबाई सकाळची सुई टोचून, उपाशीच देवीला भोग म्हणजे नैवेद्य दाखवायच्या रांगेत उभी राहिली. सून निता म्हणाली, "आई, दोन घास खाऊन घ्या ना."

"भोग लागल्याबिगर? काहून पाप करायले लावतं? मले तं भूकच नाई लागून राह्यली!"

भूक नव्हती, कारण मी झोपले होते. साखर उतरत गेली. रामीबाई सुनेलाच विचारू लागली, "तू कोन व्हय?" आणि मटकन खाली बसली. तेव्हा कुठे मी जागी झाले, पण ओरडून काय उपयोग?

निता घाबरली, पण थांबली नाही. भोगाच्या ताटातली गोड लापशी तिनं सासूला थोडी थोडी भरवली. लोक "अवं, देवाच्या आंधी!" म्हणत राहिले. घटकाभरात रामीबाईनं सुनेला ओळखलं. मग उष्टं ताट पाहून ती ढसाढसा रडली. मित्रांनो, ते रडणं माझ्या वाट्याचं होतं.

डॉक्टर म्हणाले, साखर काही आठवडे उतरू दिली नाही, तर हाक परत येईल. आता ती सुईमागे लगेच जेवते. उपासाला सुट्टी आहे.

परवा जेवायला जरा उशीर झाला. मी भीतभीतच हाक घातली. मला ओ मिळेल का, हीच धास्ती. तुमच्या पोटातूनही अशी हाक आली, तर तिला पाण्यानं गप्प करू नका, एवढंच मागणं.

रामीबाईचा हात थरथरला. ती हातातलं काम टाकून उठली.

"आली वं माय," ती म्हणाली, "आली मी."