दोन बटणं एकदम दाबू नये

गोंदियाच्या बाजारात श्यामलालचं गेम पार्लर होतं. तिथे भिंतीवर लाल रंगात पाटी होती : ‘दोन बटणं एकदम दाबू नये. मशीन जळते.’ पाटी लावायला लावणारा ओमेश्वर हा पार्लरचा तीन वर्षांचा अजिंक्य वीर, आणि पाटी धडधडीत खोटी.

वीर म्हणावं असं त्याच्या खेळात काही नव्हतं. मशीनवर दोघं समोरासमोर लढायचे. हँडल मागे ओढलं की आपला गडी हात आडवे धरून गार्ड घ्यायचा. मागे आणि खाली ओढलं की बसून पायही वाचवायचा. घड्याळ नव्याण्णववरून उतरत यायचं आणि शून्यावर ज्याची पॉवर जास्त शिल्लक, तो जिंकायचा. ओमेश्वर सुरुवातीला एक हलकीशी लाथ मारून घ्यायचा आणि मग वेळ संपेपर्यंत गार्डात बसून राहायचा. समोरचा घाम गाळून बटणं बडवायचा आणि केसभर पॉवरने हरायचा. हरला तो स्टुलावरून उठतो, हा तिथला नियम. ओमेश्वरवर उठायची वेळच येत नसे.

खरं तर या गार्डावर मशीनमध्येच औषध होतं. अगदी जवळ जाऊन दोन बटणं एकदम दाबली की आपला गडी समोरच्याला उचलून आपटतो, आणि तिथे गार्ड काही कामाचा नाही. तीन वर्षांपूर्वी रायपूरकडच्या एका पाहुण्याने ओमेश्वरला असं सहा वेळा आपटलं, सगळ्यांदेखत. पाहुणा संध्याकाळच्या गाडीने गेला. दुसऱ्या दिवशी ओमेश्वरने श्यामलालला समजावलं की असं केल्याने मशीनचं कार्ड जळतं, नागपुरात तर हा फाउलच धरतात. ओमेश्वर आयटीआय केलेला इलेक्ट्रिशियन. एवढं खोटं खपायला एवढं शिक्षण पुरतं. त्यानंतर कुणाकडून चुकून दोन बटणं दाबली गेलीच, तर तो जीभ चावायचा, डाव सोडून द्यायचा आणि मशीन वाचलं म्हणून सगळे देवाचे आभार मानायचे.

२००४ साली ओमेश्वरच्या बहिणीचा, गोमतीचा मुलगा हिमांशु कॉलेजसाठी गोरेगावहून मामाकडे, गोंदियाला लागून असलेल्या कुडव्याला, राहायला आला. ओमेश्वर पोवार समाजातला, आणि पोवारांत भाचा म्हणजे देव. मामा वयाने कितीही मोठा असो, पाया पडायचं ते मामाने. हिमांशु आला की ओमेश्वर वाकायचा आणि पोरगं संकोचून हसायचं. भाच्याला फसवल्याचं पाप कोणत्याच नदीत धुतलं जात नाही, असं ओमेश्वरची आई सांगायची. तेव्हा ते ऐकून घ्यायला त्याचं काही जात नव्हतं.

त्याने हिमांशुला खेळ शिकवला, आणि भाचा मामाच्या वरचढ निघाला. उडी मारून आलेला वार उभ्याने अडवायचा, खालचा बसून, हे त्याच्या बोटांना डोळ्यांआधी कळायचं. मामाचा गार्ड मात्र त्यालाही फुटत नसे. मग नागपुरात स्पर्धा निघाली आणि पार्लरच्या पोरांनी हिमांशुचं नाव पाठवलं.

सांगायचं होतं तर तेव्हाच सांगायचं. स्टेशनवर गाडी लागली, ओमेश्वर पाया पडायला वाकला, गोष्ट ओठांवर आली. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. सांगितलं की तीन वर्षं मातीत, आणि पोरं पाठीमागे नाही, तोंडावर हसणार. नागपूरवाले कदाचित आपटणारही नाहीत, अशी त्याने स्वतःची समजूत घातली, आणि सरळ उभा राहून भाच्याच्या शर्टाची कॉलर नीट केली.

हिमांशु परतला तो पहिल्याच लढतीत हरून. घरी चहा घेत त्याने सगळं सांगितलं. समोरच्याने उचलून आपटायला सुरुवात केल्यावर याने हात वर करून फाउल मागितला. सगळा हॉल हसला. याने सांगितलं की माझा मामा इलेक्ट्रिशियन आहे, असं केल्याने कार्ड जळतं. ते आणखी हसले. दुसऱ्या फेरीआधी एका भल्या पोराला याची दया आली. त्याने याची बोटं धरून बटणांवर ठेवली आणि म्हणाला, दाब. याने दाबली नाहीत. तेव्हा तो पोरगा म्हणाला, तुझ्या मामाने तुला उल्लू बनवलं. हिमांशुने त्याच्या थोबाडीत मारली, आणि खेळवणाऱ्यांनी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं.

“हारलो मामा, पण फाउल नाही केलो,” हिमांशु म्हणाला.

त्याच्या डोळ्यांत अभिमान होता. शिव्या दिल्या असत्या तर ओमेश्वरला बरं वाटलं असतं. आता लाजेने त्याला भाच्याकडे बघवेना. रात्री जेवताना आईची नदीची गोष्ट त्याला आठवली आणि तो ताटावरून उठला.

दुसऱ्या दिवशी भर गर्दीत तो हिमांशुला पार्लरमध्ये घेऊन गेला, मशीनवर बसवलं आणि स्वतः समोर बसला. खेळ सुरू झाला, त्याने नेहमीसारखा गार्ड घेतला आणि भाच्याला म्हणाला, जवळ ये आणि दोन्ही बटणं दाब. हिमांशुने पाटीकडे पाहिलं, मग श्यामलालकडे.

“दाब,” ओमेश्वर म्हणाला. “पाटी मीच लावलो होतो. जळत-बिळत काही नाही.”

बटणं दाबली गेली. ओमेश्वरचा गडी हवेत गेला आणि आदळला. मशीनला काही झालं नाही. पोरं आधी हसली, मग कुणीतरी पाटी मोठ्याने वाचली आणि हसू थांबलं. ओमेश्वरने गार्ड सोडला नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात राहिला. दोन्ही फेऱ्या संपल्या. हरला तो उठतो, म्हणून तो उठला. त्याचे कान तापले होते आणि मान वर होत नव्हती.

हिमांशुची बोटं अजून बटणांवरच होती.

“मंग त्या पोराले मी कायले मारलो, मामा?”

ओमेश्वर सगळ्यांसमोर भाच्याच्या पाया पडायला वाकला. इतकी वर्षं रिवाज म्हणून वाकत होता; आज पहिल्यांदा त्याला ते पाय खरोखर हवे होते. हिमांशुने दोन्ही पाय स्टुलाखाली ओढून घेतले.